मोमोची चव नूडल्सच्या वाडग्यात कशी उतरवावी?

निशिगंध (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि नोकरीसाठी रोज बुटीबोरीला जाते. घरी पोहोचायला साडेसात होतात आणि सव्वाआठपर्यंत पाने वाढली नाहीत तर धाकटा मुलगा जेवणाआधीच झोपतो. दोन्ही मुलांना मोमो अतिशय आवडतात. सुटीच्या दिवशी आम्ही सर्वजण मिळून ते घरी करतो, परंतु कणीक मळणे, पाऱ्या लाटणे, सारण भरून कळ्या पाडणे आणि मग तीन घाण्यांत वाफवणे यात दोन तास सहज जातात, त्यामुळे कामाच्या दिवशी त्याचा विचारही करता येत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी असा प्रयत्न केला की पारीऐवजी नूडल्स घ्यावेत आणि सारणातले सर्व जिन्नस वरून घालावेत. कोबी, गाजर, पातीचा कांदा, आले-लसूण मोठ्या आचेवर परतले, सोया सॉस आणि व्हिनेगर घातले, उकडलेले हक्का नूडल्स त्यात टाकून पुन्हा परतले. पदार्थ चांगला झाला, पण मोठी मुलगी पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, हे तर चाऊमीन आहे." तिचे म्हणणे खरे होते. जिन्नस जवळजवळ तेच असताना मोमोची चव का आली नाही, हे मला समजलेले नाही. आमच्या घरी सोमवार आणि गुरुवार सोडून चिकन चालते, त्यामुळे खिमा व शाकाहारी असे दोन्ही मार्ग सांगितले तरी उपयोग होईल. पाऊण तासात होईल अशी रीत हवी आहे.

पळसफूल

निशिगंधताई, तुमच्या मुलीने नेमकी गोष्ट ओळखली. चाऊमीन आणि मोमो यांतला फरक जिन्नसांचा नाही, शिजवण्याचा आहे. चाऊमीनमध्ये भाजी तापलेल्या कढईत परतली जाते, तिचे पाणी लगेच उडून जाते आणि कडा किंचित करपून एक धुरकट खमंगपणा येतो. मोमोचे सारण मात्र पारीत कच्चेच भरले जाते. आले, लसूण आणि कांदा त्यात कच्चे असतात, ते बंद पारीच्या आत स्वतःच्याच वाफेवर शिजतात आणि त्यांचा रस बाहेर जायला वाट नसल्यामुळे आतच राहतो. मोमो फोडल्यावर जो गरम रस जिभेवर येतो आणि आल्याचा जो ताजा, थोडा झणझणीत वास येतो, तीच मोमोची ओळख आहे. आपण आले-लसूण तेलात परतले की तो वास बदलून फोडणीचा होतो, आणि मग सोया सॉस कितीही घातला तरी मोमो आठवत नाही.

तेव्हा सारण परतायचे नाही, वाफवायचे, हे एकदा ठरले की बाकी सर्व सोपे आहे. आपल्या विदर्भातल्या गोळाभाताची आठवण करा. भरड वाटलेल्या डाळीचे गोळे भातावरच वाफवतो, वाढताना ते भातावर कुस्करतो आणि वरून गरम तेल ओततो. सारण, पिष्ट आणि तेल वेगवेगळे शिजवून ताटात एकत्र आणण्याची ही रीत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. मी मोमोचे नूडल्स त्याच धर्तीवर करते.

चार माणसांसाठी पाव किलो चिकनचा खिमा घ्यावा. त्यात अगदी बारीक चिरलेला दोन वाट्या कोबी, चार-पाच पातीच्या कांद्यांचा पांढरा भाग, दीड इंच आल्याचा कीस, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा मिरपूड, चिमूटभर साखर आणि दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर घालून हाताने एकाच दिशेने दोन मिनिटे कालवावे. कॉर्नफ्लोअर विसरू नये. मोमोत रस अडवण्याचे काम पारी करते आणि येथे पारी नसल्यामुळे ते काम कॉर्नफ्लोअरला करावे लागते. खिमा शिजताना सुटणारे पाणी त्याने किंचित दाट होते आणि तुकड्यांना धरून राहते. ते घातले नाही तर रस कढईत आटून जातो आणि खिमा कोरडा, रवाळ लागतो.

आता हे मिश्रण तेल लावलेल्या पसरट कढईत थालीपीठ थापतो तसे एकसारखे, साधारण बोटाएवढ्या जाडीचे थापावे, कडेने तीन-चार चमचे पाणी सोडावे आणि घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटे वाफवावे. मध्ये झाकण उघडून ढवळण्याचा मोह आवरावा, कारण वाफ गेली की पुन्हा परतल्यासारखेच होते. शिजल्यावर उलथण्याने त्याचे सुपारीएवढे तुकडे करावेत आणि आत कुठेही गुलाबी रंग राहिलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

दुसऱ्या शेगडीवर मोठ्या गंजात पाणी उकळत ठेवलेले असावे. कोरडे नूडल्स माणशी ७५ ग्रॅमच्या हिशेबाने ३०० ग्रॅम पुरतात. ते शिजवून रोळीत काढावेत, पण परतू नयेत आणि थंड पाण्याने धुऊही नयेत. मोमोची पारी मऊ आणि किंचित चिकट असते, ती चव धुतलेल्या, तेलात परतलेल्या सुट्या नूडल्समध्ये येत नाही. नूडल्स शिजवलेले पाणी एक वाटी बाजूला काढून ठेवावे. वाढताना वाडग्यात तळाला एक छोटा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर आणि दोन पळ्या तेच गरम पाणी, त्यावर नूडल्स, त्यावर सारण, कांद्याची हिरवी पात आणि भाजलेले तीळ. व्हिनेगर नेहमी वाडग्यातच घालावे. कढईत घातले तर त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो.

मिठाविषयी एवढे लक्षात असू द्या की सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. वरच्या प्रमाणात सारणाला वेगळे मीठ लागत नाही.

तिखटमीठ

पळसफूल काकूंनी वाफवण्याविषयी जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते, पण शेवटच्या पायरीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. सर्वच मोमो केवळ वाफवलेले नसतात. नेपाळ आणि दार्जिलिंगकडे कोथे नावाचे मोमो मिळतात, ते एका बाजूने तव्यावर खरपूस भाजलेले असतात, आणि जपानमधला ग्योझाही तसाच तळ भाजून मग पाण्याच्या वाफेवर शिजवतात. म्हणून सारण पूर्ण शिजल्यावर झाकण काढावे, पाणी आटू द्यावे आणि ते न हलवता आणखी दोन मिनिटे तसेच ठेवावे. तळाला सोनेरी थर धरतो. मग तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला एक बाजू खरपूस आणि दुसरी रसाळ मिळते. हा थर वाफवून झाल्यावर येत असल्यामुळे आल्याचा ताजा वास जात नाही आणि चाऊमीनही होत नाही.

दुसरा मुद्दा तिळाच्या तेलाचा आहे, कारण येथे बहुतेकांची फसगत होते आणि माझीही झाली होती. पाककृतीत तिळाचे तेल लिहिलेले असते म्हणून मी घाण्यावरून तेल आणले आणि चमचाभर घातले, तरी अपेक्षित सुवास आला नाही. आपल्याकडचे घाण्याचे तेल न भाजलेल्या तिळाचे असते. ते फिकट आणि सौम्य असते. चिनी, जपानी स्वयंपाकात शेवटी वरून घालतात ते तेल भाजलेल्या तिळाचे, तांबूस रंगाचे आणि उग्र सुवासाचे असते, आणि ते फोडणीसाठी नसून केवळ वासासाठी थेंब-थेंब वापरायचे असते. ते वेगळे विकत घ्यावेच असे नाही. दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावेत, गरम असतानाच खलबत्त्यात कुटावेत आणि दोन चमचे साध्या तेलात कालवून ठेवावेत. वाडग्यावर हे अर्धा चमचा घातले की मोमोच्या गाडीजवळ उभे असल्याचा भास होतो.

आणि लाल चटणीशिवाय मोमो पूर्ण होत नाही, म्हणून ती रविवारीच करून ठेवावी. आठ-दहा सुक्या मिरच्या, दोन टोमॅटो आणि सहा लसूण पाकळ्या पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात, निवल्यावर एक चमचा भाजलेले तीळ, मीठ आणि थोडे व्हिनेगर घालून वाटाव्यात. शीतकपाटात चार-पाच दिवस चांगली राहते. आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची घेतली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही भरपूर मिळतात, परंतु ती खरोखर तिखट आहे. घरात लहान मुले असल्यामुळे तुम्ही निम्म्याहून अधिक ब्याडगी घ्यावी आणि भिवापुरी दोन-तीनच ठेवावी. गरम तेलाची फोडणी मिरचीवर ओतून तेल करायचे असेल तर त्यात मोहरी आणि हिंग मात्र घालू नये. मी एकदा सवयीने घातले आणि वाडग्याला सरळ गोळाभाताची चव आली. ती चव मला प्रिय आहे, पण त्या रात्री ती नको होती.

तुळशीवृंदावन

माझे लिहिणे फक्त रश्शापुरते आहे. नूडल्सचे पाणी चालते, पण फिके लागते. आपल्याकडे संध्याकाळी कुकरमध्ये तुरीचे वरण असतेच. डाळ शिजली की ती घोटण्यापूर्वी वरचे निवळ पाणी, म्हणजे कट, दोन-तीन वाट्या हलक्या हाताने काढून घ्यावा. त्यात आल्याचे दोन काप, कोबीचा चिरलेला दांडा आणि पातीच्या कांद्याची मुळे धुऊन टाकून सात-आठ मिनिटे उकळावे आणि गाळावे. कोबीचा दांडा आपण फेकून देतो, वास्तविक त्याला पानांपेक्षाही गोडवा असतो. अशा रश्शाला अंगचा दाटपणा आणि गोडी असते आणि वेगळा वेळ द्यावा लागत नाही. मात्र हळद न घालता डाळ शिजवावी, नाहीतर रस्सा पिवळा दिसेल. वरणाला हळद नंतर फोडणीत घालता येते.

धापेवाडा

निशिगंधताईंच्या प्रश्नात "पारीऐवजी नूडल्स" हा जो विचार आहे, तो तिबेटी स्वयंपाकात वेगळ्या रूपात आधीपासून आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी अनेक वर्षे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिक्षक होतो. तेथे गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. त्या वेळी तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे जुनी माणसे अजूनही भंडाऱ्याची वसाहत असाच उल्लेख करतात. मोमो हा शब्द नागपूरच्या रस्त्यांवर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी मी ते त्या वसाहतीतल्या एका घरी जेवलो आहे.

तेथे मी तीन पदार्थ पाहिले आणि तिन्ही तुमच्या कामाचे आहेत. पहिला थुक्पा, म्हणजे रश्श्यातले नूडल्स. दुसरा मोकथुक, यात छोटे मोमो थेट रश्श्यात सोडलेले असतात. तिसरा थेनथुक, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. थेन म्हणजे ओढणे. मऊ कणकेची पट्टी हातावर घेऊन ती ओढत-ओढत पातळ करतात आणि अंगठ्याएवढे तुकडे तोडून उकळत्या रश्श्यात टाकत जातात. ते तुकडे पातळ, पसरट, मऊ आणि किंचित चिवट लागतात, अगदी मोमोच्या पारीसारखे, कारण ती तीच कणीक असते. हक्का नूडल्स गोल आणि बारीक असतात. त्यांना सारण धरून ठेवता येत नाही आणि पारीचा स्पर्श जिभेला मिळत नाही. पसरट तुकड्यावर सारण बसते आणि एका घासात दोन्ही येतात.

विदर्भातल्या कोणत्याही घराला ही रीत शिकवावी लागणार नाही, कारण आपण वरणफळे करतोच. तीच पोळी, फक्त मसाला न घालता, जरा पातळ लाटून शंकरपाळ्याच्या आकारात कापावी आणि वरणाऐवजी रश्श्यात सोडावी. दोन वाट्या गव्हाच्या पिठात निम्मा मैदा घेतला तर तुकडे अधिक मऊ आणि पांढरे होतात, केवळ कणकेचेही चांगले लागतात. सकाळच्या पोळ्यांची कणीक उरलेली असेल तर तीच वापरावी, म्हणजे मळण्याचा वेळ वाचतो. तुळशीवृंदावन यांनी सुचवलेला कट रश्श्यासाठी घेतला तर हा पदार्थ वरणफळांचाच भाऊ ठरतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पळसफूल

धापेवाडा दादा, आपण थेनथुकविषयी लिहिले ते वाचून फार आनंद झाला. उद्याच करून पाहीन. तिखटमीठ यांची खरपूस थराची सूचनाही मला मान्य आहे. मी आजवर केवळ वाफवत आले, पण त्यांचे कारण योग्य आहे.

माझ्या पहिल्या उत्तरात शाकाहारी सारण राहून गेले. सोयाबीनचे ग्रॅन्युल्स ७५ ग्रॅम घ्यावेत. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून, दोनदा स्वच्छ पाणी घालून घट्ट पिळावेत, म्हणजे त्यांचा कच्चट वास जातो. ते कोमट असतानाच सोया सॉस लावून ठेवावा, कारण पिळलेले ग्रॅन्युल्स पाणी शोधत असतात आणि त्या वेळी जे मिळेल ते आत ओढून घेतात. खिम्यात चिकटपणा अंगचाच असतो, सोयाबीनमध्ये तो नसतो, म्हणून १०० ग्रॅम पनीर कुस्करून आणि कॉर्नफ्लोअर तीन चमचे घालावे. बाकी सर्व कृती तीच. नुसत्या पनीरचे सारण मला आवडत नाही. त्यात रस धरत नाही आणि ते पराठ्याच्या वाटेला जाते. मशरूम मिळाले तर बारीक चिरून मूठभर जरूर घालावेत.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काल गुरुवार होता, म्हणून सोयाबीनचे सारण केले. सकाळची कणीक होतीच, ती वापरून शंकरपाळ्यासारखे तुकडे केले आणि वरणाच्या कटाचा रस्सा केला. पावणेआठला सुरुवात केली आणि आठ पंचवीसला वाडगे भरले. मुलीने पहिला घास घेतला आणि काही न बोलता चटणीची वाटी जवळ ओढली, आणि धाकट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले. आल्याचा तो वास खरोखर आला. कच्चे आले कालवून झाकणाखाली शिजवण्याने एवढा फरक पडतो हे मला ठाऊक नव्हते.

एक अडचण मात्र आली. कोबीला इतके पाणी सुटले की थापलेला थर कढईत जवळजवळ पोहू लागला. झाकण काढल्यावर ते पाणी आटायला सात-आठ मिनिटे गेली, आणि खरपूस थर धरण्याऐवजी काही भाग तळाला चिकटून निघाला. कडेने चार चमचे पाणी मीच घातले होते. ते घालायला नको होते का?

तिखटमीठ

पाणी घालण्यात चूक नव्हती, कोबीची पूर्वतयारी राहिली. मोमो भरताना आपण कोबीला मीठ लावून पिळतो, कारण ओल्या सारणाने पारी फाटते. येथे पारी नाही म्हणून आम्ही कोणीच ती पायरी सांगितली नाही, पण सोयाबीनच्या सारणात ती आवश्यक आहे. खिम्याला कॉर्नफ्लोअरबरोबर स्वतःची पकड असते, त्यामुळे तो हे पाणी सांभाळतो. चिरलेल्या कोबीला अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे आणि मुठीत घट्ट पिळावे. निघालेले पाणी फेकू नये, ते रश्श्यात घालावे आणि रश्श्याला वेगळे मीठ घालण्याआधी चव पाहावी. या सारणाचा सोया सॉसही मग थोडा कमी घ्यावा.

चिकटण्याविषयी म्हणाल तर कढई आधी चांगली तापवावी, मग तेल घालून ते सगळीकडे फिरवावे आणि त्यानंतर थर थापावा. थंड कढईत तेल आणि सारण एकत्र गेले की कॉर्नफ्लोअर तळाशी खळीसारखे बसते. तेवढे करूनही चिकटलाच तर गॅस बंद करून दोन मिनिटे झाकण ठेवावे. आतल्या वाफेने थर आपोआप सुटतो.

तुळशीवृंदावन

निशिगंधताई, कोबी हिवाळ्यातला असेल तर त्याला पाणी कमी आणि गोडी जास्त असते. पावसाळ्यात घट्ट, जड गड्डा निवडून घ्यावा. गोकुळपेठेच्या बाजारात उशिरा गेल्यास ढिल्या पानांचेच गड्डे उरलेले असतात, म्हणून मी तो सकाळीच आणते. वर घालायला पात नसेल तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून घाला, पण देठांसकट घाला.

निशिगंध

उद्या शनिवार आहे, खिमा आणते. कोबी आज रात्रीच चिरून ठेवते, मीठ मात्र उद्या सारण कालवण्याच्या दहा मिनिटे आधी लावीन. धापेवाडा दादा, थेनथुकची कणीक आपण वरणफळांइतकीच घट्ट मळता की पोळ्यांपेक्षा सैल ठेवता, एवढे सांगावे.

धापेवाडा

पोळ्यांपेक्षा थोडी सैल ठेवावी आणि तेलाचा हात लावून वीस मिनिटे झाकून ठेवावी. ती मुरल्याशिवाय ओढली जात नाही, तुटते. लाटून कापणार असाल तर पोळ्यांचीच कणीक चालेल. मुलांना मात्र एकदा ओढून तुकडे टाकायला द्या, त्या कामात त्यांचे हात आपल्यापेक्षा लवकर बसतात.